उपवासकाळातील आध्यात्मिक चिंतन

ईस्टरपूर्वी चाळीस दिवस पाळल्या जाणाऱ्या ख्रिस्ती व्रतकाळाला उपवासकाळ, प्रायश्चित्तकाळ किंवा लेंट म्हणतात. पाश्चात्त्य परंपरेत तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. तेथून ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्याने सहा रविवार उपवासात मोजत नाहीत. चाळीस दिवसांचा आधार म्हणजे येशूचा अरण्यातला उपवास. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानानुसार (येशूच्या चरित्रानुसार) तेथे त्याला भाकरीचा, देवाची परीक्षा पाहण्याचा आणि जगाच्या सत्तेचा मोह घातला गेला. या काळात भाविक आपल्या आयुष्यातले हेच मोह तपासून पाहतात.

आरंभी ईस्टरपूर्वीचा उपवास बहुधा एकदोन दिवसांचाच असे. इ. स. ३२५ च्या निकाया परिषदेच्या (ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या सभेच्या) पाचव्या नियमात चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलसंस्कार) घेणाऱ्यांची अखेरची तयारी या दिवसांत होई, आणि गंभीर पापामुळे दूर ठेवलेल्यांना याच काळाच्या शेवटी पुन्हा मंडळीत (चर्चच्या समुदायात) घेतले जाई. म्हणजे या चिंतनाला सुरुवातीपासूनच सामुदायिक अंग होते.

राखेच्या बुधवारी कपाळाला किंवा माथ्याला राख लावताना ‘तू माती आहेस आणि मातीला परत जाशील’ किंवा ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा’ असे म्हणतात. त्या दिवशी वाचला जाणारा मत्तयच्या सहाव्या अध्यायातील उतारा दान, प्रार्थना आणि उपवास ही तीन कर्तव्ये सांगतो व तिन्ही लोकांच्या नजरेआड करायला सांगतो. चिंतनाची खरी जागा इथेच आहे. आपण हे कोणासाठी करतो, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय उपवास पुरा होत नाही.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांत या बाबतीत विलक्षण जाण दिसते. उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाला एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो सुरुवातीपासून सलग वाचावा, असा नियम आहे. खाणे, पिणे, झोप आणि वायफळ बोलणे यांतले स्वेच्छेने काय कमी करणार, हे मात्र मठाधिपतीला आधी सांगायचे. अनुमतीवाचून केलेली तपश्चर्या अहंकारात मोजली जाई. पुढे सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी दैनंदिन आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली: प्रथम कृतज्ञता, मग दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि सुधारणेचा संकल्प. आरंभ कृतज्ञतेने होत असल्यामुळे हे परीक्षण आत्मनिंदेकडे घसरत नाही. उपवासकाळातील पापनिवेदनाच्या (धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याच्या) तयारीसाठी ही रीत आजही उपयोगी पडते.

बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायातले बोल तर अधिक कठोर आहेत. उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवणाऱ्यांना तो फटकारतो आणि भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा देणे हाच देवाला हवा असलेला उपवास, असे सांगतो. दानधर्म चिंतनापासून वेगळा काढता येत नाही तो यामुळेच.

पौर्वात्य मंडळ्यांच्या बायझंटाइन (ग्रीक वळणाच्या) परंपरेत आदल्या रविवारी लोक एकमेकांची क्षमा मागतात आणि मगच महाउपवासात, म्हणजे या उपवासकाळात, पाऊल ठेवतात. संत एफ्रेम यांच्या नावाने म्हटली जाणारी प्रार्थना तेथे उपवासाच्या वारी साष्टांग नमनासह म्हणतात. स्वतःचे दोष दिसावेत आणि भावाला दोषी ठरवू नये, असे मागणे तिच्यात आहे. रोमन चर्चपासून वेगळे झालेल्या प्रोटेस्टंट सुधारकांपैकी झ्विंग्ली यांनी १५२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे उपवासाच्या सक्तीला विरोध केला. आज अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या उपवास ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवतात. बायबलवाचन, प्रार्थनासभा आणि येशूने क्रूसावर उच्चारलेल्या वचनांचे मनन यांतून त्या हा काळ पाळतात.