ओव्हरड्राइव्ह की डिस्टॉर्शन? पिवळं पेडल आणि नारिंगी पेडल

बॉस कंपनीची दोन पेडलं, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे लावायच्या, आवाज बदलणाऱ्या पेट्या, शेजारी ठेवा. पिवळं एसडी-१, १९८१ सालचं. नारिंगी डीएस-१, १९७८ सालचं. आकार तोच, पायाने दाबायची पट्टी तीच, दोन्हींवर तीन-तीन नॉब, दोन्ही ९ व्होल्टवर चालणारी, आणि दोन्हींतून गिटारचा आवाज फाटूनच बाहेर पडतो. पिवळं ओव्हरड्राइव्ह, नारिंगी डिस्टॉर्शन. सोलापुरात गिटारचा नाद लागलेल्या कुणाच्याही कपाटात ही दोन्ही दिसली, की घरातलं कुणीतरी विचारतंच, "एकच आवाज आहे की, दोन कशाला?" बरेच वाजवणारेही समजतात, की ओव्हरड्राइव्ह म्हणजे थोडं फाटलेलं आणि डिस्टॉर्शन म्हणजे जास्त फाटलेलं, एकाचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारा नॉब) उतरवला की दुसरं तयार. तसं होत नाही. फरक किती फाटतं यात नाही, कसं फाटतं यात आहे.

फाटणं म्हणजे काय, ते आपल्याला रोज ऐकू येतं. रिक्षावर बांधलेल्या भोंग्यातून जाहिरात चाललेली असते, अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ताणलेला असतो, आणि माणसाचा आवाज चरचरायला लागतो. लाट जितकी उंच जायला हवी तितकी जाऊ शकत नाही, म्हणून तिचा माथा सपाट होतो. सपाट झालेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर वरचे नवे स्वर मिसळतात. तुम्ही मंद्र सा वाजवलात, तर दुप्पट कंपनांचा मध्य सा, तिप्पट कंपनांचा पंचम, पाचपट कंपनांचा गंधार असे एकेक आत शिरतात. लाट वरून आणि खालून सारखीच कापली तर तिप्पट, पाचपट असे विषम पटीतलेच येतात. एका बाजूने जास्त कापली तर दुप्पट, चौपटही येतात. पिवळ्या पेडलात मुद्दाम एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवलेला आहे, तो याचसाठी.

दोन्ही पेडलांत कापायचं काम सिलिकॉन डायोडच करतात. साधारण ०.६ व्होल्टच्या पुढे ते वाहायला लागतात. खरा फरक त्यांच्या जागेचा. नारिंगीत आधी आवाज भरपूर मोठा केला जातो आणि मग डायोड थेट ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या टोकाला, जोडलेले असतात. मर्यादेच्या वर जे काही गेलं ते सरळ जमिनीत. कडा तीक्ष्ण राहतात. पिवळ्यात डायोड मोठं करणाऱ्या चिपच्या फीडबॅकच्या, म्हणजे बाहेर पडलेला सिग्नल परत चिपकडे नेणाऱ्या, वाटेत आहेत. ते वाहायला लागले की चिप मोठं करायचं थांबवते, पण मूळ सिग्नल जसाच्या तसा पुढे जात राहतो. म्हणजे कापलेल्या लाटेवर तुमचा न फाटलेला आवाजही बसलेला असतो. हलकं छेडलं तर आवाज जवळजवळ स्वच्छ, जोरात छेडलं तर खरखरीत. बोटांतला फरक टिकतो. नारिंगीत गेन अर्ध्याच्या पुढे गेला, की हळू काय आणि जोरात काय, उंची एकच. स्वर बराच वेळ त्याच जोराने टिकतो आणि मग पटकन कोसळतो.

पेडलवरचं नाव झाकून ओळखायचं असेल, तर गिटारचा व्हॉल्यूम पाचवर आणा. पिवळं निवळतं. नारिंगी हट्टाने फाटलेलंच राहतं.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे कॉर्ड. ई मेजर धरा, म्हणजे ई हा सा मानून सा-ग-प एकदम. गिटार हार्मोनियमसारखी समान अंतरांच्या बारा स्वरांत बांधलेली, त्यामुळे तिचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो. तानपुरा नीट जुळला की आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ज्यांच्या कानात आहे, त्यांना हा चढेपणा स्वच्छ आवाजातही बोचतो. इतरांच्या लक्षात येत नाही. आता हिशेब करा. खालच्या ई तारेची कंपनं सेकंदाला ८२.४, त्यांची पाचपट ४१२. कॉर्डमधला गंधार, म्हणजे जी शार्प, २०७.६५, त्याची दुप्पट ४१५.३. दोन्ही जवळजवळ एकच, पण एक नाही, म्हणून सेकंदाला तीनेक झोले. स्वच्छ आवाजात हे वरचे स्वर बारीक असतात. नारिंगी पेडल नेमके तेच मोठे करतं, आणि वर तारांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी भलतेसलते स्वर पैदा करतं. कॉर्डचा चिखल होतो.

गंधार काढून नुसते सा-प ठेवा, म्हणजे ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ते. ई ८२.४, बी १२३.५. वजाबाकी ४१.१, म्हणजे खालच्या ई तारेच्याही एक सप्तक खालचा ई, बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा. न वाजवलेला स्वर पेडलने तयार केला, आणि तो सुरात आहे! रॉक-मेटलमधल्या त्या दणक्याचं निम्मं रहस्य इथे आहे. गिटारवादक कॉर्ड शिकायला आळशी असतात म्हणून दोनच स्वर वाजवतात, असा टोमणा आपल्याकडे शास्त्रीयवाले मारतात. डिस्टॉर्शन लावून त्यांनी एकदा पूर्ण कॉर्ड वाजवून बघावी. पिवळ्यावर मात्र गेन कमी ठेवला तर सा-ग-प चालून जातं.

नावांवर मात्र विसंबू नका. एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडीचं २५० ओव्हरड्राइव्ह यांचं सर्किट जवळपास एकच. डायोड एकात जर्मेनियमचे, दुसऱ्यात सिलिकॉनचे, आणि दोन्हींत ग्राउंडला जोडलेले. एकाला हे नाव, दुसऱ्याला ते. कंपन्यांचं असंच असतं.

आता खरेदीचं. इथले बहुतेक जण व्हिडिओ बघून पेडल मागवतात, नाहीतर पुण्याला गेलेल्या कुणाला तरी हुतात्मा एक्स्प्रेसने येताना आणायला सांगतात. व्हिडिओत अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनचं नाव येतं, आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या हिरव्या ओव्हरड्राइव्ह पेडलचं कौतुक होतं आणि पहिलं पेडल म्हणून ओव्हरड्राइव्ह घरी येतं. मग निराशा होते. आवाज बारीक, नाकातला. पेडल नकली निघालं, असं वाटायला लागतं. पेडल बरोबर असतं, जोडी चुकलेली असते. ट्यूब स्क्रीमर काय किंवा एसडी-१ काय, दोन्हींत साधारण ७२० हर्ट्झच्या खाली आवाज वाढवणं कमी कमी होत जातं, त्यामुळे खर्ज मागे राहतो आणि मधला पट्टा पुढे येतो. ट्यूबचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प आधीच फाटण्याच्या काठावर असेल, तर हे वरदान. खर्ज कमी असल्याने तो घुसमटत नाही, आणि उरलेलं फाटणं ट्यूब स्वतः करतात. ओव्हरड्राइव्ह पेडलांची पारंपरिक नोकरी अ‍ॅम्पला ढकलण्याचीच.

पण जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये, उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या उघड्या असताना, ट्यूब अ‍ॅम्प काठापर्यंत कोण नेणार? बहुतेकांकडे दहा-वीस वॅटचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प असतो, तो स्वच्छच वाजतो, आणि ढकललेला त्याला आवडत नाही. अशा अ‍ॅम्पवर, आणि रॉकच वाजवायचा असेल तर, पहिलं पेडल नारिंगी जातीचं घ्यावं असं माझं मत आहे, लोक काहीही म्हणोत. डिस्टॉर्शन आपलं काम स्वतःच पुरं करतं, अ‍ॅम्पने फक्त ते मोठं करायचं.

त्याची किंमत म्हणजे गुरगुर. गेन जितका जास्त तितकी विजेची ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली घूं वाढते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी, जुन्या वायरिंगच्या घरात सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग, इथे एकाच गुंडाळीचा) गिटार डिस्टॉर्शनवर लावली की तार न छेडताच मैफल सुरू. हमबकर पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या उलट्या जोडलेल्या असल्याने ही घूं बरीचशी कटते. तरी अर्थिंग आधी बघा, पिकअप नंतर.

स्टेजवर गणित पुन्हा बदलतं. गणेशोत्सवात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटारला वेगळा अ‍ॅम्प मिळतोच असं नाही. साउंडवाला पेडलमधून निघालेली पिन सरळ मिक्सरला लावतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, आणि फाटलेल्या आवाजाची तीक्ष्ण टोकं त्यातच मुरतात. मंडपातल्या स्पीकरचा हॉर्न ती सगळी प्रामाणिकपणे वाजवतो. डिस्टॉर्शन थेट मिक्सरला म्हणजे डासांची झुंड. मधे कॅबिनेट सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं यंत्र) नसेल तर त्या रात्री पिवळं न्यावं, टोनचा नॉब खाली उतरवून.

आणि दोन्ही असतील तर दोन्ही एकदम वापरा. आधी पिवळं, मग नारिंगी. पिवळ्याचा गेन जवळजवळ शून्य, लेव्हल चढी. नारिंगीचा गेन नेहमीपेक्षा कमी. पिवळं खर्ज आवरून सिग्नल पुढे ढकलतं, फाडायचं काम नारिंगी करतं. खालच्या तारांवरचा चिखल कमी होतो, आणि नारिंगी मधला पट्टा थोडा दाबतं तो भरून निघतो. क्रम उलटा केलात, तर नारिंगीने आधीच सपाट केलेली लाट पिवळ्याला मिळते. छेडण्यातला फरक तिच्यात उरलेलाच नसतो, त्यामुळे त्याला करण्यासारखं फार काही राहत नाही. सोलोच्या वेळी आवाज थोडा वर काढायला तेवढा हा क्रम बरा.