एटीकेटी

एटीकेटी, किंवा बोलण्यात नुसती केटी, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेत काही विषयांत नापास झालेल्या विद्यार्थ्याला ते विषय मागे ठेवून पुढच्या सत्रात वा वर्षात बसू देणारी सवलत. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ची ही आद्याक्षरे. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा शब्द इतका मुरला आहे की तो कशाचा संक्षेप आहे हे पदवी हातात पडेपर्यंत अनेकांना ठाऊक नसते.

यातली ‘टर्म’ जुनी आहे. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. त्यामुळे टर्म भरणे आणि परीक्षा पास होणे ही पहिल्यापासून दोन वेगळी खाती राहिली. टर्म भरते हजेरीने (75 टक्क्यांची अट, आणि ती न भरल्यास सूचनाफलकावर लागणारी डिफॉल्टर यादी), तर पास व्हायचे ते उत्तरपत्रिकेने. दुसऱ्या खात्यात तूट असतानाही पहिले चालू ठेवण्याची मुभा म्हणजे एटीकेटी. ती नसती तर एका विषयापायी अख्खे वर्ष घरी काढावे लागले असते.

भाषेने मात्र या सवलतीचे दुखणे करून टाकले. केटी ‘मिळत’ नाही, ‘लागते’. ठेच लागावी तशी. मग ती ‘राहते’, ‘काढावी’ लागते, आणि नशीब असेल तर ‘सुटते’. अभियांत्रिकीत ‘एम-थ्री’ म्हणजे तिसऱ्या सत्राचे गणित यासाठी विशेष बदनाम. पुण्याकडे याच अवस्थेला ‘बॅक’ म्हणतात, आणि विषय मर्यादेबाहेर राहून वर्षच गेले तर ‘वायडी’, म्हणजे इयर डाउन. मुंबईत त्याला ‘ड्रॉप लागला’ असे म्हणतात.

किती विषय मागे ठेवता येतील हे विद्याशाखेनुसार आणि अभ्यासक्रमानुसार बदलते. पहिल्या सत्रातून दुसऱ्यात जाताना सहसा कोणी अडवत नाही. खरी चाळणी वर्ष बदलताना लागते. तिसऱ्या वर्षाच्या दारात पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही वर्षांचे विषय शिल्लक असतील तर सहसा आत घेत नाहीत. काठावरच्यांना ग्रेस गुण तारतात. एनएसएस, एनसीसी किंवा खेळात भाग घेणाऱ्यांना 229-अ या अध्यादेशाखाली दहा गुण मिळू शकतात. रविवारच्या श्रमदानाला होणाऱ्या गर्दीमागे समाजसेवेच्या ओढीइतकाच हा अध्यादेशही असतो.

केटीचा फॉर्म वेगळा, शुल्क वेगळे. चालू सत्राचे पेपर आणि केटीचे पेपर एकाच हंगामात आले की अभ्यास नेमका कशाचा करायचा हा प्रश्न पडतो. मधेच अभ्यासक्रम बदलला तर जुन्या पॅटर्नची प्रश्नपत्रिका, जुनी पुस्तके आणि ते शिकवणारे कोणी नाही, अशी गत होते. अशा वेळी वरच्या वर्गातल्याची झेरॉक्स केलेली वही आणि ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी हाच आधार.

निकालाला उशीर झाला की हे सगळे गणित कोलमडते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी एकदम संगणकाच्या पडद्यावर आणली, आणि उन्हाळी परीक्षांचे निकाल पावसाळा सरत आला तरी लागत राहिले. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आले. केटी आहे की नाही हेच कळले नाही तर तिचा फॉर्म भरायचा कसा, याचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात नसते. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, मग पुनर्मूल्यांकन, म्हणजे ‘रिव्हॅल’. त्याचा निकाल हाती येण्याआधी केटीची परीक्षा येऊन ठेपण्याचे प्रसंगही घडतात, म्हणून शहाणी मुले रिव्हॅल टाकतात आणि अभ्यासही सुरू ठेवतात.

नोकरीच्या बाजारात केटीचे दोन प्रकार आहेत. सुटलेली ती ‘डेड’, न सुटलेली ती ‘लाइव्ह’. कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या अनेक कंपन्या डेड केटीकडे काणाडोळा करतात, पण लाइव्ह केटी असलेल्याला लेखी चाचणीलाही बसू देत नाहीत.