सिझेरियन प्रसूती : कारणे

योनिमार्गाऐवजी पोट आणि गर्भाशय छेदून मूल बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया. बोलताना 'सिझर', घरात बऱ्याचदा नुसते 'ऑपरेशन'. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४, गोव्यात ३९.५ आणि तेलंगणात ६०.७ टक्के होते. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के होते, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. बायकांची कंबरेची हाडे राज्याची हद्द ओलांडली की बदलत नाहीत, त्यामुळे एवढ्या तफावतीचा उलगडा शरीरशास्त्रातून होत नाही. काही कारणांपुढे दुसरा मार्गच नसतो. बाकीची, आणि संख्येने तीच जास्त, त्या तासाच्या अंदाजावर, हाताशी असलेल्या माणसांवर आणि किती वाट पाहायची यावर ठरतात.

रोमचा जूलिअस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव पडले, ही समजूत खरी धरता येत नाही. त्याची आई पुढे बरीच वर्षे जगली, आणि त्या काळी हा छेद मेलेल्या किंवा मरणाऱ्या बाईवरच घेत. १८८२ मध्ये जर्मनीत माक्स झेंगर यांनी गर्भाशयाला टाके घालण्याची खात्रीची पद्धत मांडली, तेव्हापासून आई वाचण्याची शक्यता खऱ्या अर्थाने निर्माण झाली. त्याआधी गर्भाशय बहुधा न शिवताच सोडून देत.

पर्याय नसतो तेव्हा

वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर पसरली असेल, तर मुलाच्या आधी वार सुटते आणि आई रक्तस्रावाने जाते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत 'वार खाली आहे' असे लिहून आले की घरात घबराट होते. प्रत्यक्षात गर्भाशयाचा खालचा भाग पुढे लांबत जातो तशी बहुतेक जणींची वार वर सरकते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहायचे. वारेची कड तोंडापासून २ सेंटिमीटरच्या आत राहिली तर प्रश्न उरतो, आणि तोंड झाकलेलेच असेल तर साधारण ३६–३७ आठवड्यांना ठरवून सिझर करतात. वेदना नसताना लालभडक रक्त जाणे ही याची खूण. अशा बाईची सोनोग्राफीआधी बोटाने आतून तपासणी करायची नाही, कारण बोट वारेत शिरले तर न थांबणारा स्राव सुरू होतो.

मूल आडवे असेल तर कळा कितीही चांगल्या असोत, प्रसूती होत नाही. पाणमोट (मुलाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटल्यावर कधी मुलाचा हात बाहेर येतो. तो ओढणे ही जुनी आणि जीवघेणी चूक, कारण त्याने खांदा अधिक घट्ट अडकतो आणि गर्भाशय फाटू शकते.

नाळ बाहेर येणे ही मिनिटांची शर्यत असते. पाणी गेल्याबरोबर मुलाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकदम ८०–९० पर्यंत घसरले की आधी आतून तपासावे. बोटाला धडधडती दोरी लागली, की तपासणाऱ्याचा हात ऑपरेशनपर्यंत तिथेच राहतो आणि नाळेवर दाब पडू नये म्हणून डोके वर रेटून धरतो. बाईला गुडघे व छातीवर ओणवे करतात किंवा कुशीवर वळवून कंबरेखाली उशा देतात. रुग्णवाहिकेतून न्यायचे असेल तर कॅथेटरमधून (लघवीच्या नळीतून) मूत्राशयात सुमारे ५०० मिलिलिटर सलाईन भरतात. फुगलेले मूत्राशय हाताचे काम करते, आणि पोट उघडण्याआधी ते रिकामे करायचे लक्षात ठेवावे लागते. नाळ पुन्हा आत ढकलू नये आणि सारखी हाताळू नये, स्पर्शाने तिच्या रक्तवाहिन्या आकसतात.

वार वेळेआधी सुटली, पोट लाकडासारखे कडक झाले आणि मूल जिवंत असेल, तर सिझर तातडीचे असते. मूल आधीच गेले असेल, तर मात्र शक्यतो खालूनच प्रसूती करतात. अशा वेळी आईचे रक्त गोठत नसते, आणि न गोठणाऱ्या रक्तावर पोट उघडणे तिच्या जिवावर बेतते.

कळा आहेत, प्रगती नाही

केसपेपरवर सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत सैल वापरला जाणारा शेरा म्हणजे 'प्रगती नाही'. कळांचा जोर, मार्गाचे माप आणि मुलाच्या डोक्याची ठेवण, यांतले नेमके काय अडले ते त्या शेऱ्यावरून कळत नाही.

'कंबर लहान आहे' हे बहुतेक वेळा कळा सुरू होण्याआधी सांगता येत नाही. उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लक्ष जास्त ठेवावे, पण ते एकट्याने सिझरचे कारण नव्हे. अपघातात मोडून वाकडे सांधलेले किंवा मुडदुसाने बिघडलेले हाड, ही वेगळी गोष्ट. एरवी डोके मार्गातून जाते का, हे कळाच ठरवतात.

त्यासाठी पार्टोग्राफ नावाचा एका पानाचा तक्ता भरतात. गर्भाशयाचे तोंड किती उघडले, डोके किती उतरले, १० मिनिटांत किती कळा, ठोके किती. जुन्या हिशेबात ४ सेंटिमीटरनंतर तासाला १ सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असे धरत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या तक्त्यात खरी प्रसूती ५ सेंटिमीटरपासून मोजतात. अमेरिकेतल्या २०१४ च्या मार्गदर्शनानुसार तर ६ सेंटिमीटरच्या आधी 'अडली' म्हणायचेच नाही. पुढेही पाणमोट फुटलेली असताना, चांगल्या कळांवर ४ तास किंवा ऑक्सिटोसिन या कळा वाढवणाऱ्या औषधावर ६ तास काहीच बदल झाला नाही, तरच अडली. पहिलटकरणीला दोन बोटे तोंड उघडलेले असताना भरती केले, रात्रभर जागवले आणि सकाळी 'प्रगती नाही' लिहिले, असे जिथे घडते तिथे प्रसूती अडलेली नसते, ती नीट सुरूच झालेली नसते. ठरवून कळा आणताना हीच गफलत होते. पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन लावल्यावर, आई आणि मूल ठीक असतील तर, किमान १२ ते १८ तास दिल्याशिवाय 'कळा आणण्याचा प्रयत्न फसला' म्हणता येत नाही.

उलट बाजूची चूक, म्हणजे खरोखर अडलेली असताना वाट पाहत राहणे, अधिक महाग पडते. डोके अडकले की टाळूवर सूज येते, कवटीची हाडे एकमेकांवर चढतात, आणि आतून बोटाला डोके खूप खाली आल्यासारखे वाटते. खाली आलेली असते ती सूज. म्हणून डोके किती उरले ते पोटावरूनही चाचपावे लागते. लघवी लाल होणे, बेंबीखाली पोटावर आडवी खाच दिसणे, नाडी वाढणे ही गर्भाशय फाटण्याच्या वाटेवरची चिन्हे. यातून बाई वाचली तरी दबलेला भाग सडून लघवी सतत गळत राहण्याचे दुखणे मागे लागू शकते.

तोंड पूर्ण उघडून पहिलटकरीण ३ तास आणि आधी बाळंत झालेली २ तास जोर करूनही मूल येत नसेल, तर चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझर. या टप्प्यावरचे सिझर अवघड असते. डोके हाडांत पाचरीसारखे बसते आणि वरून हात घालून ते निघत नाही. जोराने काढताना छेद बाजूला फाटून मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जातो. त्यासाठी पटवर्धन आणि मोताशॉ यांनी १९५७ मध्ये मांडलेली रीत भारतभर 'पटवर्धन पद्धत' म्हणून शिकवली जाते : आधी खांदे, मग धड, कुल्ले, पाय आणि सर्वांत शेवटी डोके.

ठोके आणि 'नाळेचा वेढा'

मुलाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळ ओसरू लागल्यावर ते घसरतात आणि उशिरा सावरतात, असे प्रत्येक कळेला होत असेल, तर वारेतून प्राणवायू कमी पडतो आहे. पण ठोके नोंदणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर उमटणारी प्रत्येक घसरण धोक्याची नसते. धोका कमी असलेल्या बायकांना सतत यंत्र लावल्याने सिझर वाढतात, मुलांमधला मेंदूचा पक्षाघात मात्र कमी होत नाही. त्यांच्यासाठी दर १५–३० मिनिटांनी आणि जोर करताना दर ५ मिनिटांनी ठोके मोजणे पुरते. ठोके बिघडले की आधी डाव्या कुशीवर वळवणे, ऑक्सिटोसिन थांबवणे, रक्तदाब पाहणे, आतून नाळ तपासणे. बरीच मुले एवढ्याने सावरतात.

मुलाने पोटात शी केली, एवढ्यावरून सिझर ठरत नाही. मानेभोवती नाळेचा वेढा तर साधारण चार-पाच मुलांमागे एकाला असतो, आणि बहुतेकदा डोके बाहेर आल्यावर तो बोटाने सोडवून टाकतात. सोनोग्राफीतला वेढा हे नातेवाइकांना पटकन पटणारे कारण आहे, म्हणूनच ते सावधपणे ऐकावे. वेढ्यामुळे ठोके घसरत असतील तर कारण घसरलेले ठोके, वेढा नव्हे.

पायाळू, जुळी आणि आईचे आजार

पायाळू माणसाने लाथ मारली की कंबरेतली उसण जाते, अशी समजूत खेडोपाडी होती. आता खालून जन्मलेला पायाळू क्वचितच सापडेल. दिवस भरताना तीन-चार टक्के मुले अशी, म्हणजे पाय किंवा कुल्ले खाली असलेली, असतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ठरवून केलेले सिझर मुलासाठी जास्त सुरक्षित दिसले. तेव्हापासून जगभर हात आखडले गेले आणि पायाळू मूल खालून काढण्याचे कसब एका पिढीत विरळ झाले. हे कसब नसलेल्या ठिकाणी सिझरच बरे. त्याआधी ३६–३७ आठवड्यांना पोटावरून मूल फिरवण्याचा प्रयत्न करता येतो. तो निम्म्या वेळा साधतो, पण सुचवला फार कमी जातो.

जुळ्यांमधले पहिले डोक्याकडून असेल तर खालून प्रसूती होऊ शकते. दोघे एकाच पाणमोटेत असतील तर नाळांचा गुंता होतो, म्हणून ३२ ते ३४ आठवड्यांतच सिझर.

रक्तदाब वाढून झटक्यांची भीती असेल, तर उपाय प्रसूती हा आहे, सिझर हा नव्हे. गर्भाशयाचे तोंड कच्चे, म्हणजे अजून उघडण्याजोगे झालेले नसेल आणि हाताशी वेळ नसेल, तेव्हा ते सिझर होते. मधुमेही आईच्या मुलाचे अंदाजी वजन ४.५ किलोच्या पुढे असेल तर सिझर सुचवतात, पण सोनोग्राफीचा अंदाज १०–१५ टक्क्यांनी चुकतो. चार किलो सांगितलेले मूल साडेतीन किलोचेही निघते. एचआयव्ही असून विषाणूंची संख्या मिलिलिटरला १,००० च्या वर असेल, किंवा शेवटच्या आठवड्यांत जननमार्गावर नागिणीसारखे पुरळ पहिल्यांदाच उठले असेल, तर मुलाला लागण होऊ नये म्हणून सिझर. हृदयविकारात बऱ्याचदा उलटे असते, खालून प्रसूतीच हृदयाला सोसते. चष्म्याचा मोठा नंबर हे कारण नाही.

आधीचे सिझर

आज ठरवून केलेल्या सिझरांमागचे मोठे कारण म्हणजे आधीचे सिझर. 'एकदा सिझर, म्हणजे कायम सिझर' हे वचन १९१६ चे आहे, तेव्हा गर्भाशयावरचा छेद उभा असे. तसा छेद पुढच्या खेपेला ४ ते ९ टक्के बायकांत फाटतो. आजच्या खालच्या आडव्या छेदात हे प्रमाण सुमारे २०० मागे १ आहे, आणि योग्य निवड केल्यास चारांपैकी जवळजवळ तिघी खालून बाळंत होतात. अट एवढीच की भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशनची खोली चोवीस तास तयार हवी. टाका उसवत असल्याची पहिली खूण बहुधा पोटदुखी नसते, ठोके घसरणे असते.

दुसऱ्या पारड्यात वार आहे. वार खाली असेल, तर ती जुन्या छेदाच्या व्रणात रुतण्याचा धोका पहिल्या सिझरला सुमारे ३ टक्के, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४० आणि चौथ्याला ६१ टक्के असतो. रुतलेली वार सुटत नाही आणि अनेकदा गर्भाशयच काढावे लागते. पहिले सिझर करताना हा हिशेब क्वचितच सांगितला जातो.

वैद्यकाबाहेरची कारणे

कळांची भीती, वेदनारहित प्रसूतीची सोय नसणे, मुहूर्त, एकट्याच डॉक्टरवर चालणारे नर्सिंग होम, बाहेरून बोलवावा लागणारा भूलतज्ज्ञ, आणि दाराबाहेरचे 'किती वेळ थांबायचं, करून टाका आता.' यांतले एकही केसपेपरवर येत नाही, तिथे 'प्रगती नाही' किंवा 'ठोके कमी' लिहिले जाते. मुहूर्त पाहायचाच असेल तर तो ३९ आठवडे भरल्यावरचा पाहावा. त्याआधी ठरवून काढलेल्या मुलांना धाप लागून अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याचे प्रमाण जास्त असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले की लोकसंख्येतले सिझरांचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही. हा आकडा एखाद्या रुग्णालयाला लावू नये. जिथे चार तालुक्यांतून अडलेल्या बायका पाठवल्या जातात, तिथे तो जास्तच असणार. रुग्णालयांची तुलना करण्यासाठी २००१ मध्ये डॉ. रॉब्सन यांनी मांडलेली दहा गटांची विभागणी वापरतात. पहिलटकरीण, एकच मूल, डोके खाली, दिवस भरलेले, कळा आपोआप आलेल्या, हा पहिला गट. त्यात सिझर भरमसाट असतील तर रुग्णालयाला विचारायला जागा आहे.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझरही मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त आणि सात दिवसांचा आहार त्यात येतो.

घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर 'एलएससीएस' एवढेच लिहिलेले असते, म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या भागातून केलेले सिझर. पुढच्या खेपेच्या डॉक्टरला याहून जास्त लागते : नेमके कारण, तोंड किती सेंटिमीटर उघडले असताना निर्णय झाला, गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, तो बाजूला फाटला का, आणि मुलाचे वजन. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेद आडवाच असेल असे नाही. फार आधी झालेल्या प्रसूतीत किंवा आडव्या मुलासाठी आतून कधीकधी उभा छेद घ्यावा लागतो, आणि तो बाहेरून कुणालाही दिसत नाही.