पेशी कोण खातं?

परवा विश्रामबागेत शेजारच्या काकूंच्या मिक्सरमध्ये पपईची पानं फिरत होती, रसाने पेशी वाढतात म्हणून. नातवाला डेंगी झालेला, रिपोर्टात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ३८ हजार. "विषाणू पेशी खातोय बघ," काकू म्हणाल्या. सांगलीत पावसाळा सरला की घरोघरी हे ऐकू येतं, आणि ते निम्मंच खरं आहे. विषाणूमुळे अस्थिमज्जेत नव्या प्लेटलेट कमी तयार होतात, हे बरोबर. पण रक्तात फिरणाऱ्या प्लेटलेट गिळणारं तोंड बरेचदा आपलंच असतं.

डेंगीचा विषाणू एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. सुरुवातीच्या दिवसांत तपासतात ते हेच. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं. गोची अशी, की या प्रथिनाचे काही भाग प्लेटलेटवरच्या प्रथिनांशी मिळतेजुळते आहेत. मग काही प्रतिपिंडं तिथेही चिकटतात. चोराबरोबर संन्याशालाही फाशी!

प्रतिपिंडाला दोन हात आणि एक शेपटी. हातांनी प्लेटलेट धरली की शेपटी बाहेर लोंबते. प्लीहेतल्या (स्प्लीनमधल्या) महाभक्षक पेशींच्या अंगावर ही शेपटी पकडणारे ग्राही असतात. पण एकट्यादुकट्या शेपटीने ही महाभक्षक पेशी जागी होत नाही. व्हायलाही नको, कारण मोकळी प्रतिपिंडं रक्तात कायमच फिरत असतात. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला एकटाच व्यापारी आला तर बोली चढत नाही, चार जण खेटून उभे राहिले की चढते. तसंच इथे. एका प्लेटलेटवर शेपट्यांची दाटी झाली की ग्राही एकमेकांजवळ ओढले जातात, त्यांच्या आतल्या टोकांना फॉस्फेट लागतं, तिथे सिक नावाचं विकर (एन्झाइम) येऊन बसतं, महाभक्षक पेशीचा सांगाडा हलतो आणि तिचं आवरण प्लेटलेटभोवती लपेटलं जातं. गिळली!

१९५० साली अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने, प्लेटलेट सतत नष्ट होणाऱ्या एका रुग्णाचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट तळाला गेल्या, आकडीही आली. दोष रुग्णाच्या रक्तात होता. तो प्रतिपिंडांचा, हे पुढे उलगडलं. हॅरिंग्टनच्या पेशी काही दिवसांत आपसूक भरून आल्या, पपईशिवाय.

डेंगीत ताप उतरायच्या सुमारास पेशी सर्वांत खाली जातात आणि मग बहुतेकांच्या आपोआप चढतात. पपईचा रसही नेमका तेव्हाच चालू असतो, म्हणून श्रेय त्याला. खरी नजर ठेवायची ती पोटदुखी, सारख्या उलट्या, गार पडणारे हातपाय यांवर. काकूंना एवढं मात्र बजावून आलो.

सातव्या दिवशी पोराच्या पेशी ९६ हजार. उरलेली पानं काकूंनी फ्रीजमध्ये जपून ठेवलीत.