सदतीस सेकंद, फक्त हातांवर

ऑगस्ट १९७२. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये मुरलीकांत पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. तो विश्वविक्रम ठरला आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदकही. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळायला आपल्याला २००८ उजाडलं, हे लक्षात घेतलं की त्या पदकाचं वजन कळतं. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमईमधले, म्हणजे यंत्रसामग्रीची दुरुस्ती-देखभाल करणाऱ्या दलातले, जवान आणि बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात रुतून राहिली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं.

५० मीटर भागिले ३७.३३ म्हणजे सेकंदाला १.३४ मीटर, ताशी जवळपास ४.८ किलोमीटर. आपण रस्त्यानं झपझप चालतो तो हा वेग.

फ्रीस्टाइल पोहताना पुढे नेण्याचं बहुतेक काम हातच करतात. म्हणून पाय नसले तर थोडा जोर कमी पडेल, इतकंच आपल्याला वाटतं. खरी अडचण निराळीच आहे. माणूस पाण्यात आडवा झाला की हवेनं भरलेली फुप्फुसं छाती वर उचलतात, पण शरीराचा गुरुत्वमध्य असतो त्याहून खाली, ओटीपोटापाशी. वर उचलणारं बल एकीकडे आणि खाली ओढणारं दुसरीकडे, त्यामुळे अंग कलतं आणि पाय बुडू लागतात. धडधाकट पोहणारा पाय मारून हा कल सावरतो. पेटकरांच्या वाळवा तालुक्याकडे विहिरीवर नवशिक्या पोराच्या कमरेला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधतात, त्याचंही काम हेच: कंबर वर धरायची. शर्यतीत असली मदत चालत नाही.

लोंबणारे पाय पाण्याला आडवे येतात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो आणि शक्ती आठपट लागते. त्यामुळे नुसत्या दंडांच्या बळावर फार पुढे जाता येत नाही. डोकं उचललं की पाय आणखी खाली जातात, म्हणून मान खाली ठेवून, श्वासापुरतीच वळवून, अंग होईल तितकं सपाट राखावं लागतं. बॉक्सिंगनं कमावलेले खांदे पेटकरांच्या कामी आले असणारच, पण मला त्यांच्या या तोलाचं जास्त अप्रूप वाटतं.

आता पाण्याची दुसरी बाजू. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले जातात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. लुळ्या पायात हे घडत नाही, रक्त खालीच साचतं. छातीएवढ्या पाण्यात मात्र खोलीबरोबर वाढणारा दाब पायांना चहूबाजूंनी दाबतो आणि ते रक्त हृदयाकडे परततं. शिवाय अंगाचा बहुतेक भार पाणीच पेलतं. खुर्चीला जखडलेल्या माणसाला तिथे स्वतःच्या बळावर हलता येतं. पेटकरही पोहण्याकडे वळले ते उपचार म्हणूनच. १९७०च्या एडिंबराच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक (कमरेखालचं अंग लुळं पडलेल्यांच्या) स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि दोन वर्षांनी हायडेलबर्ग. देशानं पद्मश्री दिली ती २०१८ साली, फारच उशिरा.

खेळाला उपचारात आणलं लुडविग गुटमान या डॉक्टरांनी. १९४८ साली इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांसाठी त्यांनी स्पर्धा भरवली, आणि पॅरालिम्पिकचं मूळ तेच.

आपल्याकडे असा रुग्ण पाण्यात उतरवायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि कोमट पाण्याचा तलाव निवडावा. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी झपाट्यानं ओढून घेतं, आणि दुखापतीच्या खालच्या भागात शरीराला आपलं तापमान नीट सांभाळता येत नाही. तिथे संवेदनाही नसते, त्यामुळे विहिरीच्या दगडी पायरीवर कातडं सोललं तरी त्याला कळणार नाही. पाण्याबाहेर आल्यावर सोबतच्या माणसानं टाचा, घोटे आणि माकडहाड रोज डोळ्यांनी तपासावं.