वूशिया चित्रपट

वूशिया चित्रपट : तलवार आणि दिलेला शब्द यांभोवती फिरणारा चिनी चित्रपटप्रकार. ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या. ‘शिया’ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. स्वतःचा काही लाभ नसताना दुसऱ्याच्या अडचणीत धावून जाणारा, बोलला ते जिवावर उदार होऊन निभावणारा असा माणूस, पुरुष किंवा स्त्री, म्हणजे शिया. या चित्रपटांचा नायक क्वचितच सरकारी चाकरीत असतो, खलनायक मात्र बहुतेक वेळा असतो. दरबारी अधिकारी लाच खातो, सज्जन मंत्र्याचा शिरच्छेद होतो, त्याची मुले देशोधडीला लागतात आणि त्यांना वाचवायला येतो तो अधिकारपद नसलेला, कायद्याच्या नजरेत भटका ठरलेला कुणीतरी. मानमरातब देणारी सत्ताच नासली, तर इज्जत कुठे राहायला जाते हा या परंपरेचा मूळ प्रश्न आहे. उड्या आणि द्वंद्वे त्याच्या पोटात येतात.

हा प्रश्न चित्रपटाहून दोन हजार वर्षांनी जुना आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातला विचारवंत हान फेई याने राज्य पोखरणाऱ्या किड्यांमध्ये शियांची गणना केली. विद्वान लेखणीने कायदा बिघडवतात आणि शिया शस्त्राने राजाज्ञा मोडतात, अशी त्याची तक्रार होती. पुढे इतिहासकार सिमा छ्येन याने नेमकी उलटी बाजू घेतली. आपल्या ‘शिजी’ या इतिहासग्रंथात त्याने भटक्या शियांना स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांची वागणूक नेहमीच कायद्याला धरून नसते हे त्याने मान्य केले, पण त्यांचा शब्द खरा असतो, केलेल्या उपकाराचा ते डंका पिटत नाहीत, असेही लिहिले. आकडी चोरणाऱ्याला मृत्युदंड मिळतो आणि राज्य चोरणारा सरदार होतो, हे जुने वचन तो याच प्रकरणात उद्धृत करतो. या कळकळीमागे त्याची स्वतःची जखम असावी, असे वाटल्याशिवाय राहत नाही. शत्रूला शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू घेतल्याबद्दल सम्राट वू याने त्याला शिक्षा फर्मावली. दंड भरून सुटण्याइतका पैसा त्याच्याकडे नव्हता, मित्रांपैकी कोणी पुढे आले नाही आणि शिक्षा म्हणून त्याला नपुंसक करण्यात आले.

त्या प्रकरणातला क्वो ज्ये हा पुढच्या सगळ्या वूशिया नायकांचा पूर्वज म्हणता येईल. त्याच्या भाच्याने मामाच्या जोरावर एका माणसाला बळजबरीने दारू पाजली आणि त्या माणसाने चिडून भाच्याला ठार केले. मारेकऱ्याने येऊन खरे काय घडले ते सांगितले, तेव्हा ‘चूक माझ्या पोराचीच होती’ असे म्हणून क्वो ज्येने त्याला सोडून दिले आणि भाच्याचे मुकाट्याने दफन केले. त्याचा शेवट मात्र दरबाराने केला. त्याच्यावर टीका करणाऱ्या एका विद्वानाला त्याच्या कुणा चाहत्याने परस्पर मारले. क्वो ज्येला याची गंधवार्ताही नव्हती. तरीही मंत्री कोंगसुन होंग याने युक्तिवाद केला, की न सांगता लोक याच्यासाठी खून करतात हा खुनाहून मोठा गुन्हा आहे. क्वो ज्ये कुळासकट मारला गेला. सत्तेला शियाच्या तलवारीपेक्षा लोकांच्या मनातल्या त्याच्या वजनाची भीती अधिक वाटते, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

शियांच्या जगाला ‘ज्यांगहू’ म्हणतात. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरे. सराया, नदीघाट, मठ, जंगलवाटा यांचे हे जग दरबाराच्या हद्दीबाहेरचे. तिथे करार लिहीत नाहीत. उपकाराची फेड आणि वैराचा हिशेब तोंडी चालतो, पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला जातो. ल्यांगशानच्या दलदलीत जमलेल्या १०८ बंडखोरांची ‘श्वेहू ज्वान’ ही जुनी कादंबरी याच जगातली. तिच्यातला काओ छ्यू पायाने चेंडू उडवण्याच्या कौशल्यावर राजाची मर्जी संपादून सेनेचा प्रमुख बनतो, आणि लिन छोंगसारखा सरळमार्गी शिक्षक खोट्या आरोपात अडकून बंडखोरांत ढकलला जातो.

पडद्यावर ही परंपरा शांघायमध्ये जोमाने आली. १९२८ मध्ये मिंगशिंग कंपनीने एका लोकप्रिय कादंबरीवरून लाल कमळ मंदिराच्या दहनाचा चित्रपट काढला. पवित्र मंदिराच्या आत दुष्ट भिक्षूंचा अड्डा, ही त्याची कल्पना. प्रेक्षकांनी तो इतका उचलून धरला की तीन वर्षांत त्याचे १८ भाग निघाले. १९३१ मध्ये राष्ट्रवादी सरकारने अंधश्रद्धा आणि अशांततेचे कारण देऊन असे चित्रपट बंद केले. या मालिकेची प्रत आज उपलब्ध नाही. पुढे साम्यवादी राजवटीनेही मुख्य भूमीवर वूशिया साहित्याला कित्येक दशके थारा दिला नाही, आणि राष्ट्रवादी सरकार जिथे हलले होते त्या तैवानमध्ये हाँगकाँगचे वूशिया कादंबरीकार जिन योंग यांच्या कादंबऱ्यांवरची बंदी १९७९ पर्यंत टिकली. एकमेकांचे हाडवैरी असलेल्या दोन सत्तांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत होते, त्यांतली ही एक.

बहर आला तो हाँगकाँगमध्ये. जानेवारी १९५४ मध्ये मकाव येथे दोन मार्शल आर्ट गुरूंची जाहीर लढत झाली. ती बरोबरीत सुटली, पण तिच्याभोवती इतके कुतूहल उसळले की काही दिवसांतच ल्यांग यूशेंग यांची कादंबरी वृत्तपत्रात क्रमशः सुरू झाली. पुढच्या वर्षी जिन योंग लिहू लागले. शॉ ब्रदर्स स्टुडिओने साठच्या दशकात या वाचकवर्गाला चित्रपटगृहात आणले. १९६७ मध्ये चांग चेह यांचा एक हात तुटलेल्या तलवारबाजावरचा चित्रपट गाजला. रक्त, गुरुनिष्ठा आणि पुरुषांची मैत्री हे त्यांचे क्षेत्र.

भ्रष्ट सत्तेचे सर्वांत खोल चित्रण मात्र किंग हू यांनी केले. बीजिंगमध्ये वाढलेल्या आणि तरुणपणी हाँगकाँगला आलेल्या या दिग्दर्शकाने वारंवार मिंग राजवटीचा काळ (१३६८–१६४४) निवडला, कारण त्या काळी भ्रष्टाचाराला पगारी यंत्रणाच लाभली होती. १४२० मध्ये स्थापन झालेले ‘दोंगचांग’ हे हेरखाते खोजांच्या, म्हणजे दरबारातल्या नपुंसक केलेल्या सेवकांच्या, ताब्यात होते, आणि ते नेहमीच्या न्यायालयांना वळसा घालून कोणालाही उचलू शके. गुप्तहेरांना नायक करणाऱ्या तेव्हाच्या पाश्चात्त्य चित्रपटांची लाट त्यांना खटकत होती. गुप्त पोलीस प्रत्यक्षात काय करतात, हे त्यांना दाखवायचे होते.

तैवानमध्ये केलेल्या त्यांच्या ‘ड्रॅगन इन’ची (१९६७) सुरुवात यू छ्येन या मंत्र्याच्या शिरच्छेदाने होते. हा मंत्री कल्पित नाही. १४४९ मध्ये सम्राट शत्रूच्या कैदेत सापडला असताना त्याने बीजिंग वाचवले, आणि तोच सम्राट १४५७ मध्ये पुन्हा गादीवर आल्यावर त्याला मृत्युदंड मिळाला. झडतीत त्याच्या घरी संपत्ती सापडली नाही. राजधानीत जाताना बड्या खोजाला नजराणा न नेता आपल्या दोन बाह्यांत फक्त वाऱ्याची झुळूक घेऊन जातो, असे त्याने कवितेत म्हटले होते. निष्कलंक अधिकाऱ्याला ‘बाह्यांत निर्मळ वारा असलेला’ म्हणण्याची चिनी भाषेतली पद्धत या ओळीशी जोडलेली आहे. चित्रपटात त्याची मुले सीमेकडे हद्दपार होतात आणि हेरखात्याचे मारेकरी वाटेवरच्या एका सराईत दबा धरून बसतात. मग एकेक पाहुणा येत जातो. दारूत विष कालवले जाते, कोण कोणाच्या बाजूचा हे नजरेने जोखले जाते. तलवार उपसली जाण्याआधीचा हा ताण मला या संपूर्ण प्रकारातला सर्वांत श्रेष्ठ भाग वाटतो. शेवटी सामोरा येणारा खोजा दम्याचा रुग्ण आहे आणि तरीही चौघा-पाचजणांना भारी पडतो.

किंग हू यांच्याच ‘अ टच ऑफ झेन’मध्ये नायिका एका प्रामाणिक अधिकाऱ्याची परागंदा मुलगी आहे आणि तिला आसरा देणारा गरीब चित्रकार. भुताखेतांची अफवा पसरवून तो हेरांना पडक्या गढीत गाठतो. पहाटे आपल्या युक्तीवर तो खदखदा हसत फिरतो, आणि मग त्याची नजर पडलेल्या प्रेतांवर जाते. त्याचे हसू तिथेच गोठते. न्यायाची लढाई जिंकतानाही किती माणसे मरतात, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे दृश्य दुर्मीळ आहे. कान महोत्सवात १९७५ मध्ये या चित्रपटाला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला.

ही तांत्रिक कामगिरी बीजिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणे, अभिनय आणि कसरती एकत्र आणणाऱ्या पारंपरिक चिनी रंगभूमीच्या, मुशीतली होती. द्वंद्वांची आखणी ऑपेरात तयार झालेले हान यिंगज्ये करत. ताल तालवाद्यांचा, उड्या लपवलेल्या ट्रॅम्पोलिनवरून आणि संकलनातले तुकडे इतके छोटे की उडी डोळ्यांत पुरती मावत नाही. तारांना लटकून तरंगणारे योद्धे पुढे रूढ झाले. मुठी-लाथांचा कुंग-फू चित्रपट हा जवळचा पण वेगळा प्रकार. त्यात तलवारीऐवजी देहाची कमाई महत्त्वाची असते आणि काळ सहसा छिंग या शेवटच्या राजवटीच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा.

अँग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने (२०००) चार ऑस्कर मिळवून हा प्रकार जगभर नेला. त्यानंतर २००२ मध्ये आलेल्या झांग यीमौ यांच्या ‘हीरो’ने वाद ओढवून घेतला. त्यात राजाला मारायला आलेला शिया ऐन वेळी तलवार आवरतो, कारण एकछत्री राज्यात शांतता नांदेल असे त्याला पटते. चित्रपट देखणा आहे, पण सिमा छ्येनने उघडलेला वाद त्यात हान फेईच्या बाजूने मिटवला जातो, आणि तो निकाल मला मान्य होत नाही.

हौ श्याओश्येन यांच्या ‘द असॅसिन’मधली (२०१५) यिननियांग वेगळा रस्ता धरते. भ्रष्ट अधिकाऱ्यांना संपवण्यासाठी एका साध्वीने तिला लहानपणापासून घडवले आहे. एके दिवशी ती सावजापर्यंत पोचते, तर त्याच्या कुशीत लहान मूल असते. ती वार न करता परत फिरते. शिक्षा म्हणून तिला ज्याच्याशी कधीकाळी लग्न ठरले होते त्या सुभेदाराला मारण्याची आज्ञा होते, आणि तीही ती पाळत नाही. अखेरीस ती गुरूचा निरोप घेते आणि आरसे घासून चमकवणाऱ्या एका साध्या माणसाबरोबर दूरच्या देशाची वाट धरते.