दुकावाला (नैरोबी, वसाहतकाळ)

दुकावाला : ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत किरकोळ दुकान चालवणारा भारतीय व्यापारी व त्याचे कुटुंब. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात. त्याला आपल्याकडचा ‘वाला’ जोडून हा शब्द बनला. ही नोंद मुख्यतः नैरोबीच्या भारतीय बाजारातील, साधारण १९०० ते १९४० या काळातील कुटुंबांविषयी आहे.

दुकावाले म्हणजे युगांडा रेल्वेचे (१८९६–१९०१) मजूर, हा समज फार पसरलेला आहे आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. रेल्वेसाठी करारावर नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांत पंजाबी अधिक होते; त्यांपैकी बहुतेक परतले, सुमारे ६,७०० मागे राहिले. दुकानदार आले ते कच्छ, काठियावाड व चरोतरातून, स्वखर्चाने किंवा नातलगाच्या खर्चाने. इस्माइली खोजे, बोहरी, लोहाणा, जामनगरकडचे ओसवाल आणि पाटीदार हे त्यांतले मोठे समाज. १८९९–१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने गुजरातेतल्या अनेक घरांना बाहेर पडायला भाग पाडले. झांझिबार व मोंबासा येथे भारतीय पेढ्या आधीपासून होत्या. कच्छमधून पोरवयात झांझिबारला गेलेल्या अल्लीदिना विश्राम (मृत्यू १९१६) यांनी रेल्वेमार्गाने युगांडापर्यंत दुकानांची साखळी उभी केली. तिच्यात उमेदवारी केलेली पोरे पुढे स्वतंत्र दुकानदार झाली.

नवा मुलगा आला की दोन-तीन वर्षे काका-मामाच्या दुकानात राबे. जेवणखाण व झोपायला गल्ल्यामागची जागा मिळे, पगार वर्षाखेरीस वहीत जमा होई. तेवढ्यात स्वाहिली जमली, गिऱ्हाइकाची पारख आली, की तोच नातलग त्याला माल उधार देऊन आत खेड्याकडे किंवा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसवी. यात प्रेम होते तसा हिशेबही होता : नव्या दुकानाचा घाऊक पुरवठादार तोच. बायको सहसा नंतर, दुकान तग धरल्यावर येई. उत्तर-पूर्व मोसमी वाऱ्यावर निघणारी गलबते डिसेंबर ते मार्चमध्ये येत; पुढे मुंबईहून आगबोटीच्या डेकवरून येणे नेहमीचे झाले.

दुकान व बिऱ्हाड एकाच पत्र्याखाली असे. पुढे व्हरांडा, मग दुकान, त्यामागे कोठार, त्यामागे एक-दोन खोल्या आणि शेवटी चौकात चूल व शौचकूप. कोठारातल्या धान्याला उंदीर लागत आणि उंदरांमागून प्लेग. १९०२ मध्ये प्लेग आला तेव्हा नैरोबीचा भारतीय बाजार जाळून टाकण्यात आला. दोष ‘भारतीयांच्या घाणेरड्या सवयीं’वर गेला, त्या बाजाराला गटारे व पुरेशी जागा कोणी दिली नव्हती, हे मात्र बाजूला राहिले. वंशवार वस्त्यांची शिफारस पुढे अशाच आरोग्याच्या कारणाने झाली. १९२३ च्या डेव्हनशर श्वेतपत्रिकेने (ब्रिटिश सरकारच्या केनियाविषयक धोरणपत्राने) शहरातील वंशवार विभागणीचे धोरण सोडले, पण डोंगराळ सुपीक जमीन गोऱ्यांसाठीच राखली. शेतीचा रस्ता असा बंद झाल्याने बचत दुकानात, इमारतीत व मुलांच्या शिक्षणातच गुंतू शकली.

मालात कापड पहिले. ‘मेरिकानी’ हे मूळ अमेरिकेहून येणारे जाड कोरे कापड. पुढे इतर देशांचे कापडही त्याच नावाने विकले जाई. ३० वारांच्या ताग्याला ‘जोरा’, चार वारांच्या तुकड्याला ‘दोती’ (आपले धोतरच) आणि दोन वारांना ‘शुका’ म्हणत. एका जोऱ्यात सात दोती व एक शुका बसते, पण कापणारा वारामागे इंचभर सैल सुटला तर ताग्यामागे ३० इंच जातात आणि नफ्याचा बराच भाग त्यातच संपतो. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या ‘म्कोनो’ मापावर तंटे होत, म्हणून फळीवर लोखंडी वार ठोकलेला बरा. खांगा (बायकांचे अंगाभोवती गुंडाळायचे छापील सुती वस्त्र) जोडीने विकला जाई. त्यावरची म्हण किंवा नक्षी जुनी झाली की बायका त्याकडे बघत नसत. अडकलेल्या मालात खांगा नेहमी असे.

व्हरांड्यात ‘फुंडी’ (कारागीर, इथे शिंपी) शिवणयंत्र घेऊन बसे. कापड घेतले की तिथेच शिवून मिळे, त्यामुळे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जात नसे. आत मीठ, साखर, चहा, काडेपेट्या, कंदील, कुदळी (जेंबे), कोयते (पांगा), सुफुरिया (ॲल्युमिनियमची पातेली), मणी, तार. रॉकेल चार गॅलनच्या ‘देबे’त (आपला डबाच) येई व बाटलीने विकले जाई, रिकामा देबे मका मोजायला किंवा पाणी भरायला पुन्हा उपयोगी पडे. साबणाचा लांब बार तुकडे करून विकत. तो वाळत जाऊन वजनात घटतो, म्हणून वजनावर विकायचा तर लवकर विकावा लागे. पावसाळ्यात साखर व मिठाला ओल सुटे, मक्याला सोंडे लागत, नीट न वाळवलेल्या कातड्यांना वास मारे व भाव पडे.

खरे भांडवल उधारीचे होते. आयातदार मोंबासाच्या पेढीला, पेढी नैरोबीच्या घाऊक व्यापाऱ्याला, तो दुकावाल्याला माल उधारीवर देई. मुदत बहुधा दोन-तीन महिन्यांची. पुढे दुकावाला गिऱ्हाइकाला देई तो पीक हाती येईपर्यंत, म्हणजे आपल्या मुदतीपेक्षा लांब. ही तफावत भरून काढायला तो गिऱ्हाइकाचा मका, घेवडा, कातडी विकत घेई व त्यातून उधारी वळती करी. दोन्ही टोकांना भाव तोच ठरवत असल्याने आफ्रिकी शेतकऱ्यांची कमी भाव व खोट्या मापाची तक्रार सतत असे, आणि ती निराधार नव्हती. मापे पाहायची तर किबाबा व पिशी (चार किबाबा) ही धान्य मोजायची भांडी. शीग लावून घ्यायचे की सपाट, यावरच भांडण.

वही गुजरातीत : रोजमेळ, उधार खाते, घाऊक पेढीचे खाते. हिंदू घरांत दिवाळीला चोपडापूजन होई. दुकान जळले तर मालापेक्षा वही गेल्याचे दुःख मोठे, कारण वहीबरोबर येणे बुडते, देणे मात्र पेढीच्या वहीत शाबूत राहते. शेजारच्या टांगानिकात (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) १९२३ मध्ये हिशेब गुजरातीत चालणार नाहीत असा कायदा आल्यावर भारतीय व्यापाऱ्यांनी दीर्घ हरताळ पाळला.

नाण्यांनीही घोळ घातला. भारतीय रुपया चालत असे. पौंडाला १५ रुपये हा जुना भाव. १९२० मध्ये रुपया दोन शिलिंगांवर बांधला गेला, म्हणजे पौंडाला १०. मग फ्लोरिन (दोन शिलिंगांचे नाणे) आला आणि लगेच १९२१–२२ मध्ये शिलिंग. पिकाचा भाव लंडनच्या बाजारात पौंडांत ठरे, तो रुपयांत एक तृतीयांशाने उतरला. रुपयांतली उधारी होती तेवढीच राहिली. त्याच सुमारास जागतिक बाजार पडला आणि वरपासून खालपर्यंत साखळी तुटली. १९२९ नंतरच्या मंदीत हेच पुन्हा झाले.

अशा वेळी टिकले ते घरातल्या बिनपगारी हातांवर. दुपारी पुरुष वसुलीला किंवा घाऊक बाजारात गेले की गल्ल्यावर बाई बसे. स्वाहिली ती पुस्तकातून नव्हे, तिथेच शिके. काजे-बटणे, लोणची-पापड, भाडेकऱ्यांचे डबे हे तिच्याच अंगावर. वहीत यातले काही उतरत नसे. मुले शाळेतून आली की काडेपेट्या मोजत. ताटात मोगो (कसावा) व मका आले, गुजरातीत स्वाहिली शब्द मिसळले. भाऊ-भाऊ वेगळे होताना खरी कसोटी लागे : परवाना व भाडेपट्टा थोरल्याच्या नावे, श्रम सगळ्यांचे. असे तंटे बहुधा जमातीच्या पंचांपुढे मिटत, क्वचित कोर्टात जात.

नैरोबीतला जुना इंडियन बझार पुढे बाझार स्ट्रीट झाला व स्वातंत्र्यानंतर बियाशारा स्ट्रीट. ‘बियाशारा’ म्हणजे व्यापार. खांगे व कापडाची दुकाने तिथे अजून आहेत.